हुकूम, सही आणि झाडूचा कारखाना

बर्लिनच्या श्योनेबर्ग भागातला बायरिशर प्लाट्झ हा चौक पर्यटकांच्या यादीत सहसा नसतो. रुंद फुटपाथ, जुनी झाडं, बाबागाडी ढकलत निघालेले आईबाप. सुखवस्तू वस्तीत जे असायचं ते सगळं इथे आहे. मान जरा वर केली की दिव्याच्या खांबांवरच्या पाट्या दिसतात. एका बाजूला बालभारतीच्या पुस्तकात शोभावं असं ठसठशीत रंगीत चित्र: पाव, मांजर, बाक. दुसऱ्या बाजूला एकदोन ओळींचा मजकूर आणि तारीख. बर्लिनमधल्या ज्यूंनी खाण्याच्या वस्तू दुपारी चार ते पाच एवढ्याच वेळात घ्यायच्या, 4 जुलै 1940. ज्यूंच्या घरचे टेलिफोन तोडायचे, तोही 1940 मधलाच नियम. ज्यूंनी घरात पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत, 1942.

अशा 80 पाट्या या वस्तीत विखुरल्या आहेत. रेनाटा श्टिह आणि फ्रीडर श्नॉक या कलावंतांनी 1993 मध्ये त्या लावायला घेतल्या, तेव्हा काही रहिवाशांनी घाबरून पोलिसांना फोन केले. त्यांना वाटलं, हे नवनाझींचंच काम. मग प्रत्येक पाटीखाली ‘हे स्मारक आहे’ असं सांगणारी छोटी पट्टी डकवावी लागली. एकेकाळी या भागात सुमारे 16,000 ज्यू राहत. आल्बर्ट आइन्स्टाइन त्यांतलेच एक.

पाट्या वाचत चालताना हळूहळू लक्षात येतं की यातला एकही नियम आपोआप अमलात आला नसणार. पाच वाजून गेलेत की नाही, हे दुकानदाराला घड्याळाकडे बघून ठरवावं लागलं असेल. टेलिफोन तोडायला खात्याचा माणूस जिना चढून गेला असेल. गायनमंडळाच्या चिटणिसाने वहीतून ज्यू सभासदाचं नाव खोडलं असेल. ‘युद्धातला माणूस’ म्हटलं, की डोळ्यांपुढे आधी रणगाडे आणि सेनापती उभे राहतात. बर्लिनमधल्या होलोकॉस्टच्या खुणा मात्र बऱ्याचदा कचेऱ्या, गोदामं, स्टेशनं आणि कारखान्यांत सापडतात. माणसं आपापलं नेहमीचं काम करत होती, आणि बरं-वाईट ठरत होतं ते त्या कामातच.

जेवणासह बैठक

शहराच्या नैर्ऋत्येला वानझे नावाचं तळं आहे. लोकलने स्टेशन गाठायचं, तिथून 114 नंबरची बस. बंगल्यांच्या रांगेतल्या 56-58 क्रमांकाच्या वास्तूपाशी उतरलं की फाटक, फुलझाडं, आणि बाग उतरत जाते त्या टोकाला पाणी. एका औषध कारखानदाराने 1914-15 मध्ये बांधलेला हा बंगला पुढे एसएस या नाझी संघटनेच्या गुप्तचर शाखेचं अतिथिगृह झाला. 20 जानेवारी 1942 रोजी इथे 15 जण जमले. निमंत्रणात बैठकीनंतर खानपान असल्याचाही उल्लेख होता. बैठक साधारण दीड तास चालली.

युरोपातल्या ज्यूंना मारायचं की नाही, हे ठरवायला हे लोक आले नव्हते. पूर्वेकडे गोळीबाराच्या खड्ड्यांत लाखो माणसं आधीच मारली गेली होती. बैठक बोलावणाऱ्या राइनहार्ड हायड्रिशला हवं होतं ते वेगवेगळ्या खात्यांचं सहकार्य. म्हणून टेबलाभोवती गृह, न्याय, परराष्ट्र अशा खात्यांचे वरिष्ठ अधिकारी बसले होते. पंधरांपैकी आठ जणांच्या नावामागे डॉक्टरेट होती. हायड्रिशच्या हाताखालच्या आडॉल्फ आइशमानने तयार केलेल्या 15 पानी इतिवृत्तात देशवार यादी आहे आणि तिची बेरीज 1 कोटी 10 लाखांवर जाते. जर्मनीच्या ताब्यात नसलेले आयर्लंड, स्वित्झर्लंड, तुर्कस्तानही तिच्यात आहेत.

मतभेद झालेच नाहीत असं नाही. आईबापांपैकी एकच ज्यू असेल तर काय, मिश्र विवाहांचं काय, यावर खल झाला. गृहखात्याच्या विल्हेल्म श्टुकार्टने अर्धज्यू ठरणाऱ्यांची सक्तीने नसबंदी करावी, असा पर्याय मांडला. त्याच्या खात्याला कागदपत्रांचा घोळ नको होता. पोलंडमधल्या जर्मन प्रशासनाकडून आलेल्या योझेफ ब्यूलरने आपल्या भागापासून सुरुवात करा अशी विनंती केली. मूळ बेताला आक्षेप घेतल्याची नोंद कुठेही नाही. इतिवृत्ताच्या 30 प्रती निघाल्या. त्यांतली एकच, सोळावी, 1947 मध्ये परराष्ट्र खात्याच्या फायलींत सापडली, म्हणून ही बैठक जगाला इतकी तपशीलवार ठाऊक आहे.

आज हा बंगला स्मारक आहे. इथे प्रेतांचे ढीग दाखवणारी मोठी छायाचित्रं अंगावर येत नाहीत. त्यामागे जर्मन शिक्षणक्षेत्रातला एक संकेत आहे. 1976 मध्ये बॉइटल्सबाख गावी झालेल्या चर्चेतून तो रुजला: विद्यार्थ्याला भावनेने चीत करून मत त्याच्या गळी उतरवायचं नाही, वादाचा विषय वाद म्हणूनच मांडायचा. त्यामुळे इथे कागद पुढे ठेवले जातात आणि प्रश्न विचारले जातात. शाळांच्या गटांखेरीज व्यवसायवार शिबिरंही होतात. परिचारिका, पोलीस, सैनिक, सरकारी कचेऱ्यांतले कर्मचारी येतात आणि त्या काळात आपल्याच पेशाने काय केलं ते कागदांतून वाचतात. परिचारिकांच्या हाती रुग्णालयातल्या हत्यांची कागदपत्रं येतात, कचेरीतल्यांच्या हाती जप्तीचे आदेश. ‘आमचा काय संबंध’ म्हणायला जागा उरत नाही.

हे स्मारक होण्यामागेही एका माणसाचा हट्ट होता. आउशवित्झच्या मृत्युछावणीतून वाचलेले इतिहासकार योझेफ वुल्फ यांनी 1960च्या दशकाच्या मध्यापासून या बंगल्यात संशोधन केंद्र व्हावं म्हणून धडपड केली. तेव्हा इथे शाळकरी मुलांची निवासी शिबिरं भरत. बर्लिनच्या राज्यकर्त्यांनी दाद दिली नाही. वुल्फ यांनी 1974 मध्ये आत्महत्या केली. बैठकीला 50 वर्षं झाली त्या दिवशी, 20 जानेवारी 1992 रोजी, स्मारकाचं दार उघडलं. तिथल्या ग्रंथालयाला आता वुल्फ यांचं नाव आहे.

जाण्याचं भाडं

ग्रुनेवाल्ड स्टेशनवर आजही लोकल थांबते. शनिवार-रविवारी जंगलात फिरायला जाणारी मंडळी सायकली घेऊन उतरतात. ‘प्लॅटफॉर्म 17’ असा बाण दाखवेल तिकडचा जिना चढलं की एकदम शांत होतं. रुळांवर गाडी नाही. रुळांमधून बर्चची झाडं उगवलेली, मुद्दाम न तोडलेली. फलाटाच्या कडेने ओतीव पोलादाचे 186 पत्रे ओळीने बसवले आहेत. प्रत्येकाच्या काठावर तारीख, माणसांचा आकडा आणि गाडी कुठून कुठे गेली ते. पहिली तारीख 18 ऑक्टोबर 1941, मुक्काम वूच. पुढे रिगा, आउशवित्झ, टेरेझिनश्टाट. काही पत्र्यांवर हजाराच्या वरचे आकडे आहेत. शेवटी शेवटी ते दोन अंकांवर येतात. तारखा मात्र मार्च 1945 पर्यंत थांबत नाहीत. रशियन फौजा बर्लिनच्या उंबऱ्यावर आल्या होत्या, तरी ही गाडी रद्द झाली नाही.

जर्मन रेल्वेने हे स्मारक 1998 मध्ये उभारलं. बर्लिनमधून 50,000 हून अधिक ज्यूंना बाहेर नेलं गेलं. काही गाड्या इथून सुटल्या, बऱ्याच मोआबिटच्या मालधक्क्यावरून, तर म्हाताऱ्यांचे छोटे गट आनहाल्टर या गजबजलेल्या स्टेशनातून, नेहमीच्या गाडीला जोडलेल्या डब्यांतून.

या गाड्यांचा हिशोब कसा चाले, हे इतिहासकार राउल हिलबर्ग यांनी रेल्वेच्या कागदांतून उलगडून दाखवलं. तिसऱ्या वर्गाचं भाडं दर किलोमीटरला 4 फेनिग. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. 400 हून अधिक माणसं असतील तर गटाची सवलत, म्हणजे निम्मं भाडं. नेल्या जाणाऱ्यांचं फक्त जाण्याचं, पहारेकऱ्यांचं परतीसह. बिलाचं काम पाहणारी प्रवासी कंपनी सुट्टीच्या सहलींची तिकिटंही काढत असे. वेळापत्रक बनवणाऱ्याने कुणावर हात उगारला नाही. रिकामा मार्ग शोधला आणि खाली सही केली.

गाडीच्या आधी कागद यायचा. घरातल्या प्रत्येकाने 16 पानी अर्ज भरायचा: चादरी किती, खुर्च्या किती, बँकेत काय, विमा कुठला. 25 नोव्हेंबर 1941 च्या फर्मानाने ठरवलं की ज्यू देशाबाहेर गेला की त्याचं नागरिकत्व संपतं आणि मालमत्ता सरकारजमा होते. गाडीने सीमा ओलांडली की घर कायद्याने मोकळं. मग वित्त कार्यालयाचा माणूस घर उघडून वस्तूंच्या किमती लावायचा, वीज-गॅसच्या थकबाकीचा हिशोब पुरा करायचा, आणि सामान लिलावात जायचं. बोली लावायला शहरातलीच माणसं येत. कधी कधी शेजारीही. या फायली पॉट्सडॅमच्या अभिलेखागारात आहेत. पेन्सिलीने लावलेल्या किमती त्यांत अजून वाचता येतात.

‘वरून हुकूम होता’

युद्ध संपल्यावर न्यायालयांत सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य हेच: हुकूम मोडला असता तर आमचाच जीव गेला असता. दशकानुदशकं चाललेल्या खटल्यांत बचाव पक्षाच्या वकिलांनी याला पुरावा शोधला. निःशस्त्र माणसांवर गोळी झाडायला नकार दिला म्हणून कुणा जर्मनाला देहदंड झाला, असं एकही प्रकरण त्यांना पुढे ठेवता आलं नाही.

क्रिस्टोफर ब्राउनिंग यांच्या अभ्यासातली हकिकत आता जगभर शिकवली जाते. 13 जुलै 1942. पोलंडमधलं योझेफुव गाव. हॅम्बुर्गहून आलेली 101 क्रमांकाची राखीव पोलीस तुकडी, सुमारे 500 जण, बहुतेक चाळिशीकडे झुकलेले, पोटापाण्याला गोदीत किंवा ट्रकवर काम केलेले. मेजर विल्हेल्म ट्रापने भल्या सकाळी कामगिरी सांगितली: गावातल्या ज्यू बायका, मुलं, म्हातारे यांना गोळ्या घालायच्या. आवाज कापरा झाला होता, डोळ्यांत पाणी होतं. मग तो म्हणाला, वयाने मोठ्या कुणाला हे झेपणार नसेल तर त्याने बाजूला व्हावं. पहिल्याप्रथम पुढे आले ते साधारण डझनभर. त्यांना दुसरी कामं दिली, प्रकरण तिथेच मिटलं. दिवसभरात आणखी काही जण मागे सरले, काहींनी मुद्दाम नेम चुकवला, ट्रकपाशी रेंगाळून वेळ काढला. संध्याकाळपर्यंत 1,500 माणसं मारली गेली होती. इतरांनी बंदूक का खाली ठेवली नाही? ब्राउनिंग यांना सापडलेलं एक कारण ज्यूद्वेषापेक्षाही अस्वस्थ करणारं आहे: चारचौघांत नामर्द ठरायला नको, आणि आपल्या वाटचं घाणेरडं काम सोबत्यावर पडायला नको.

बर्लिनमध्येच याच्या उलट घडलेलं आहे. ओरानिएनबुर्गर रस्त्यावरचं सोनेरी घुमटाचं सिनेगॉग लांबून दिसतं. 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री देशभर सिनेगॉगं पेटवली जात होती, तेव्हा इथेही आग लावली गेली. जवळच्या चौकीतले पोलीस आले, त्यांनी आग लावणाऱ्यांना हाकललं आणि अग्निशमन दलाला बोलावलं. आधार काय, तर ही वास्तू सम्राटाच्या काळापासून संरक्षित असल्याचा सरकारी कागद. ज्या नोकरशाहीच्या बळावर माणसं उद्ध्वस्त होत होती, तिच्याच शिक्क्यावर सिनेगॉग वाचलं. चौकीप्रमुख विल्हेल्म क्रुट्सफेल्ड यांना वरिष्ठांपुढे जाब द्यावा लागला. शिक्षा काय, तर तोंडी कानउघाडणी.

हात ओले करणारा सद्गृहस्थ

हाकेशर मार्केटच्या गजबजाटात रोझेनथालर रस्त्यावरचं 39 नंबरचं आवार सापडायला वेळ लागत नाही. भिंतीवर रंगवलेली चित्रं, सिनेमागृह, कॅफे, फोटो काढणारी तरुण मंडळी. आजूबाजूची आवारं चकाचक झाली, हे तसंच राहिलं, आणि त्यामुळेच पहिल्या मजल्यावरच्या खोल्या वाचल्या. लाकडी जमीन, पोपडे उडालेल्या भिंती, अरुंद खोल्यांची एकापाठोपाठ एक माळ. इथे ऑटो वाइड्ट यांचा झाडू आणि ब्रश बनवायचा कारखाना होता.

वाइड्ट मूळचे भिंतींना कागद चिकटवणारे कारागीर. नजर अधू होत गेली तेव्हा ब्रश बांधायला शिकले. 1940 पासून कारखाना या जागेत आला. कामावर तीसेक माणसं, बहुतेक अंध किंवा बहिरे ज्यू. सैन्याला झाडू लागतात, म्हणून कारखान्याला ‘युद्धासाठी आवश्यक’ असा दर्जा मिळवला. त्या दर्जावर कामगारांना काही काळ तरी हात लावता येत नव्हता. सैन्याच्या वाट्याचा माल थोडा सैन्याला जायचा आणि बराचसा मागच्या दाराने. त्याच्या बदल्यात अत्तर, दारू, सिगारेट यायच्या आणि त्या गेस्टापो या गुप्त पोलीस दलाच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचायच्या. लाच, काळाबाजार, खोटे कागद. फौजदारी कायद्यातली निम्मी कलमं या कारखान्यात रोज मोडली जात असणार.

1942 मध्ये गेस्टापोने वाइड्ट यांच्या काही अंध कामगारांना उचलून ग्रोसे हाम्बुर्गर रस्त्यावरच्या संकलन छावणीत नेलं. वाइड्ट स्वतः तिथे गेले, ही माणसं नसतील तर सैन्याची मागणी कशी पुरी करायची म्हणून भांडले, हात ओले केले आणि कामगारांना परत आणलं. जिथून फक्त फलाटाकडे वाट जायची, तिथून अंध माणसांचा घोळका एकमेकांचा हात धरून रस्त्याने चालत कारखान्यात आला.

शेवटची खोली बिनखिडकीची आहे. तिच्या दारापुढे तेव्हा कपाट उभं होतं, आत लटकणाऱ्या कोटांमागून वाट. चार जणांचं हॉर्न कुटुंब इथे लपून राहिलं: आईबाप आणि दोन मुलं. आज तिथे उभं राहिलं तर चार अंथरुणं मावतील एवढीच जागा. बाहेरच्या खोलीत कुणी आलं की आतल्यांनी खोकायचंही नाही. 1943 च्या शरदात सुगावा लागला आणि हॉर्न कुटुंब आउशवित्झला गेलं. ते परतलं नाही.

वाइड्ट यांची सचिव अलिस लिश्ट हिलाही नेलं गेलं. गाडीतून तिने टाकलेलं पोस्टकार्ड वाइड्ट यांच्या हाती पडलं. हा अधू नजरेचा साठीतला माणूस झाडू विकायच्या निमित्ताने आउशवित्झपर्यंत जाऊन थडकला. ती दुसऱ्या कामगार छावणीत असल्याचं कळल्यावर त्या गावात त्यांनी खोली भाड्याने घेतली, तिच्यासाठी कपडे आणि औषधं ठेवली. 1945 च्या जानेवारीत ती निसटली आणि बर्लिनला पोचली. याच कारखान्यात काम केलेल्या लेखिका इंगे डॉइचक्रोन यांनी पुढे ही गोष्ट सांगत राहण्यात हयात घालवली. 2022 मध्ये त्या वारल्या.

तरीही हिशोब कटू आहे. 1943 च्या फेब्रुवारीत कारखान्यांतून झालेल्या धरपकडीत वाइड्ट यांचे बहुतेक कामगार गेले. बर्लिनमध्ये सुमारे 7,000 ज्यू भूमिगत झाले होते, त्यांतले 1,700 च्या आसपास वाचले.

पाच मिनिटांच्या अंतरावर

ग्रोसे हाम्बुर्गर रस्त्यावरच्या त्या संकलन छावणीची जागा कारखान्यापासून पायी पाच मिनिटांवर आहे. मूळचा ज्यू वृद्धाश्रम, आता हिरवळ आणि काही पुतळे. भूमिगत ज्यूंना हुडकण्यासाठी गेस्टापोने काही ज्यूंनाच कामाला लावलं, त्यांचा अड्डा इथे होता. त्यांतली सर्वांत कुप्रसिद्ध श्टेला गोल्डश्लाग. विशीतली, सोनेरी केसांची मुलगी. स्वतः लपलेली असताना पकडली गेली, मारहाण झाली, निसटली, पुन्हा सापडली. आईबापांचं नाव गाडीच्या यादीतून वगळतो, असं आमिष दाखवलं गेलं. तिने जुन्या वर्गमित्रांना, ओळखीच्यांना कॅफेंमध्ये, रस्त्यात हेरून धरून द्यायला सुरुवात केली. 1944 मध्ये आईबाप गेलेच. तिचं काम सुरू राहिलं.

मार्गदर्शक इथे गटाला थांबवतात तेव्हा मतं झटकन फुटतात. मारहाण होईपर्यंतची श्टेला आणि आईबाप गेल्यानंतरची श्टेला यांना एकच माप लावायचं का? सोव्हिएत न्यायाधिकरणाने तिला दहा वर्षांची शिक्षा दिली. तिच्यावर दबाव आणणाऱ्या अनेकांना तेवढीही झाली नाही.

आणखी थोडं पुढे रोझेनश्ट्रासे. 1943 च्या त्याच धरपकडीत ज्यांच्या बायका ज्यू नव्हत्या असे सुमारे 2,000 लोक, मुख्यतः पुरुष, इथल्या इमारतीत डांबले होते. बायका जमल्या. आठवडाभर थंडीत रस्त्यावर येत राहिल्या, नवऱ्यांना सोडा म्हणून ओरडत राहिल्या. माणसं सुटली; आउशवित्झला धाडलेल्या पंचवीस जणांनाही परत आणावं लागलं. बायकांच्या रेट्याने गेस्टापो नमलं, असं नेथन श्टोल्ट्झफुस हे इतिहासकार मानतात. वोल्फ ग्रूनर यांच्या मते या लोकांना नेण्याचा बेत मुळात नव्हताच. वाद मिटलेला नाही. पण आतल्या माणसांचं काय होणार हे रस्त्यावरच्या बायकांना ठाऊक नव्हतं, याबद्दल दुमत नाही. इंगे हुंट्झिंगर यांचं लाल दगडातलं शिल्प 1995 पासून तिथे आहे.

ईनेश्ट्रासे 22

मराठी वाचकाने मुद्दाम वाट वाकडी करून जावं अशी एक जागा डालेमच्या विद्यापीठ परिसरात आहे. ईनेश्ट्रासे 22. आत राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. 1927 मध्ये ही इमारत मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननाच्या कैसर विल्हेल्म संस्थेसाठी उभी राहिली. संचालक ऑयगेन फिशर. जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत मिश्र रक्ताच्या लोकांची मोजमापं घेऊन त्यांनी नाव कमावलं होतं.

पुण्याहून गेलेल्या इरावती कर्वे 1920च्या दशकाच्या अखेरीस याच संस्थेत फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. विषय होता माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधला असमतोल. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीत हा असमतोल वेगळा असतो आणि त्याचा संबंध श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असा फिशर यांचा होरा होता. कर्वे यांनी संस्थेच्या संग्रहातल्या कवट्या एकेक करून मोजल्या. वंश आणि असमतोल यांचा संबंध आकड्यांत दिसला नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं.

तेव्हा हिटलर सत्तेवर यायचा होता. जीवावर बेतण्यासारखं काही नव्हतं. पदवी मात्र त्याच गुरूच्या हातात होती, आणि कर्वे परक्या देशात, परक्या भाषेत एकट्या होत्या. त्यांनी पुढे भारतात येऊन जातीजमातींची शरीरमापं घेणं सोडलं नाही. त्या काळच्या मानवशास्त्राची हत्यारं त्यांनी फेकून दिली नव्हती. म्हणून या घटनेला शौर्यकथेचा मुलामा देऊ नये. पट्टीने जे दाखवलं ते त्यांनी कागदावर उतरवलं, एवढीच गोष्ट. ती किती मोठी होती हे त्याच इमारतीतल्या इतरांकडे पाहून कळतं.

1933 मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. संस्थेतले शास्त्रज्ञ कोण ज्यू, कोण नाही याचे दाखले देऊ लागले. ऱ्हाइनलंडमधल्या आफ्रिकी वंशाच्या सैनिकांच्या सुमारे 400 मुलांची 1937 मध्ये गुपचूप नसबंदी झाली, त्यातही या संस्थेचे तज्ज्ञ होते. 1942 मध्ये ओटमार फॉन फेर्शुअर संचालक झाले. त्यांचा जुना सहायक योझेफ मेंगेले आउशवित्झमध्ये होता. तिथून मारलेल्यांचे डोळे आणि रक्ताचे नमुने या पत्त्यावर येत. पार्सल कुठून येतं, हे उघडणाऱ्यांना माहीत होतं.

दारावर पाटी लागली ती 1988 मध्ये. 2014 मध्ये जवळच्या ग्रंथालयापाशी खोदकाम करताना हाडं निघाली. पुढच्या उत्खननात सुमारे 16,000 तुकडे सापडले. कोणाचे, कुठल्या खंडातले? डीएनए तपासून वर्गवारी करायची नाही, असं ठरलं. ज्या वृत्तीने ती हाडं इथे गोळा झाली तीच पुन्हा गिरवायला नको, हे त्यामागचं कारण. मार्च 2023 मध्ये डालेमच्याच दफनभूमीत त्यांना निरोप दिला गेला. 2024 पासून इमारतीत कायमचं प्रदर्शन आहे. विद्यार्थी वर्गात जाता-येता त्याच्या शेजारून जातात.

नंतरचा न्याय

युद्धातल्या निवडींची किंमत युद्धानंतर कशी चुकती झाली, हे पाहिल्याशिवाय ही भ्रमंती पुरी होत नाही. वानझेच्या बैठकीतल्या पंधरांपैकी हायड्रिश युद्धातच मारला गेला, आइशमानला 1962 मध्ये इस्राएलमध्ये फाशी झाली. श्टुकार्ट 1949 मध्ये सुटला. नाझी पक्षाच्या कचेरीतून आलेल्या गेऱ्हार्ड क्लोप्फरने पुढे उल्म शहरात वकिली केली आणि 1987 पर्यंत जगला. त्या दीड तासाची लाज वाटते, असं चौकशीत कबूल करणारा एकच निघाला: राइश चान्सलरीचा फ्रीड्रिश विल्हेल्म क्रिट्झिंगर. फेर्शुअर यांना 600 मार्क दंड झाला. 1951 मध्ये ते म्युन्स्टरला आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले.

आणि हेडविग पोर्शुट्झ? वाइड्ट यांच्या कारखान्याचा काळाबाजार बऱ्याच अंशी या बाईच्या ओळखींवर चालायचा. तिने आपल्या छोट्याशा घरात ज्यू स्त्रियांना लपवलं, टेरेझिनश्टाटच्या छावणीत खाण्याची पार्सलं पाठवायला मदत केली. ती वेश्याव्यवसाय करायची. 1944 मध्ये काळाबाजाराबद्दल तिला शिक्षा झाली. युद्धानंतर पश्चिम बर्लिनने ज्यूंना मदत करणाऱ्या अज्ञात वीरांचा गौरव सुरू केला, तेव्हा तिचा अर्ज नाकारला गेला. तिची राहणी अनैतिक होती, हे कारण. वाइड्ट यांना इस्राएलच्या याद वाशेम संस्थेचा सन्मान 1971 मध्ये मिळाला. पोर्शुट्झ यांचं नाव त्या यादीत आलं 2012 मध्ये. त्या 1977 सालीच वारल्या होत्या.

महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या सहली बर्लिनमध्ये सहसा ब्रांडेनबुर्ग गेट आणि भिंतीचा उरलेला तुकडा दाखवून पुढच्या शहराकडे वळतात. वानझेचा बंगला आणि वाइड्ट यांचा कारखाना पाहायला तिकीट नाही, ग्रुनेवाल्डचा फलाट तर कायम उघडाच असतो. एक दिवस जास्त काढता आला तर जरूर काढावा, आणि कारखान्यात गेल्यावर भिंतीवर पोर्शुट्झ यांचं नाव शोधावं.